बाहेर लिहिलेलं नाव

“वाटी कोनाड्यात ठेवलीय. उठून रडायला लागला की बोट बुडवून दोनदा चाटव, झोपेल तो. आणि मिल्का, मागच्या दाराशी कोणी बाई आली तर आत घ्यायची नाही. पाणी मागितलं तरी नाही. ओळखीची वाटली तर मुळीच नाही.”

हे माझ्या सासूबाईंचे शब्द. आता त्या नाहीत, ते घरही विकलं गेलं, पण वैशाखातली एखादी दुपार फार गप्प झाली की मला ते तसेच्या तसे ऐकू येतात. शब्बाथचं पांढरं लुगडं नेसून त्या दारात उभ्या होत्या. अंगणात आमचे हे प्रार्थनेची शाल खांद्यावर घेऊन थांबले होते. मशीद बांधापलीकडे होती. आमच्या बेने इस्राएलांतली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंतली, जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत. शनिवारी दुपारच्या प्रार्थनेला सासूबाई एरवी जात नसत, पण त्या दिवशी त्यांना प्रार्थना चालवणाऱ्या हजानकडून नातवासाठी दुवा वाचून घ्यायची होती.

“मी काय सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“बाई आली तर आत घ्यायची नाही.”

“आणि?”

“रडला तर चाटवायचं.”

“शहाणी माझी.” त्यांनी वाकून बाळाच्या कपाळाला बोटं लावली, ती स्वतःच्या ओठांना टेकवली. मग चौकटीवरच्या मेझुझाला, देववचनाच्या त्या डबीला, हात लावून त्या बाहेर पडल्या. अंगणातून त्यांचा आवाज आला, “चल रे रूबेन, ऊन डोक्यावर आलंय.”

मी बाळंतिणीच्या खोलीत एकटी उरले.

मला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. खोली घराच्या मागच्या अंगाला होती, तिचं एक दार परसात उघडायचं. पलीकडे नारळी, मग खाजण, मग खाडी. बाळाची सुंता येत्या मंगळवारी व्हायची होती. तोवर त्याला नाव नव्हतं, आणि नाव नसलेल्या मुलाला जपायचं असतं, असं सासूबाई म्हणत. त्यांनी जपलंही. उशाखाली कोयती ठेवली, शेगडी विझू दिली नाही, त्याला रात्रभर मांडीवर घेतलं. माझ्या सख्ख्या आईनं याहून जास्त केलं नसतं.

पण गुरुवारपासून त्याचं दूध तुटलं होतं. छातीशी धरला की ओठ लावायचा, दोन घोट ओढायचा आणि मान टाकून झोपायचा. मी पायाच्या तळव्यांना टिचक्या मारल्या, कान चोळले. डोळे अर्धे उघडायचे, पुन्हा मिटायचे. मुठी सैल पडलेल्या असायच्या. आणि झोपेत हसायचा.

पहिल्यांदा हसला तेव्हा मीच कौतुकानं हाक मारली होती. “आई, बघा ना, हसतोय!”

सासूबाई हातातली पळी टाकून धावत आल्या. वाकून त्याच्या नाकावर बोटानं टिचकी मारली आणि कोणावर तरी खेकसल्या, “चल, नीघ! इथं तुझं काही नाही!”

मी दचकले. बाळ मात्र दचकलं नाही.

“तान्हं मूल झोपेत हसतं ते उगाच नाही गो,” त्या म्हणाल्या. “ती खेळवते त्याला. हसवत हसवत नेते.”

“कोण?”

त्यांनी समोरच्या भिंतीकडे हनुवटी केली. भिंतीवर हजाननं लिहिलेला कागद डकवला होता. वर देवाचं नाव, त्याखाली तीन मलाखांची, देवदूतांची नावं, सन्वी, सन्सन्वी, समंगलाफ. मग आदाम आणि हव्वा, आत. मग लिलीथ, बाहेर. अक्षरं हिब्रू होती. मला वाचता येत नव्हती, पण कोणती ओळ कोणाची हे सासूबाईंनी बोट ठेवून दाखवलं होतं.

“आदामाची पहिली बायको. हव्वाच्या आधीची,” त्या म्हणाल्या. “हव्वा बरगडीतून काढली, म्हणून सांगितलेलं ऐकणारी. ही त्याच्याच मातीची. डोक्यात वारं. म्हणाली, एका मातीची आपण दोघं, मी तुझ्या खाली का राहू? आणि जे नाव तोंडात घ्यायचं नाही ते देवाचं नाव घेऊन उडाली, ती थेट तांबड्या समुद्रावर.”

“मग?”

“मग देवानं हे तिघं पाठवले. म्हणाले, परत चल. नाही म्हणाली. म्हणाले, नाही आलीस तर रोज तुझी शंभर लेकरं मरतील. मरू देत म्हणाली, पण येणार नाही. तेव्हापासून दुसऱ्यांच्या लेकरांवर उठलीय. तेवढी एक शपथ दिली तिनं त्या तिघांना, की जिथं तुमची नावं दिसतील तिथल्या बाळाला हात लावणार नाही.”

“रोज तिची लेकरं मरतात?” मी विचारलं.

“तिचं काय विचारतेस?” सासूबाई चिडल्या. “आपल्याचं बघ!”

पण कागदाला आणखी एक ओळ होती. सगळ्यांत खाली, मराठीत. ती मला वाचता येत होती. *शिफ्रा बाहेर.*

शिफ्रा ही ह्यांची पहिली बायको. मी दुसरी. हे मला लग्नाआधीच सांगितलं होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. तिची दोन मुलं याच खोलीत सुंतेआधी गेली, दोन्ही झोपेत, दोन्ही हसत. दुसऱ्याला पुरून आल्यावर तिनं सासूबाईंची सहाण उचलली, गुटीच्या डब्यासकट विहिरीत टाकली आणि भर शब्बाथच्या दुपारी अनवाणी खाजणाकडे चालत गेली. कुठं गेली, कोणाला कळलं नाही. कोणी म्हणे रेवसला लाँचीत दिसली, कोणी म्हणे मुंबईला आहे. खाडीत होड्या घालणारे कोळी काही बोलत नसत.

“माझ्या आईची सहाण होती,” सासूबाई अजून सांगत. “आईनं माझ्यासाठी उगाळलं त्याच्यावर, मी रूबेनसाठी उगाळलं. विहिरीत टाकते? अंगात ती शिरल्याशिवाय कोणी असं करेल? आणि नाव बघ. शिफ्रा! मिसरात फर्‍हो राजाचं न ऐकता आपली बाळं वाचवणारी सुईण. हिनं काय वाचवलं?”

कागद लिहून घेताना मी तिथंच होते. खालची ओळ लिहायला हजान काचकूच करत होता. “बाई, जिवंत माणसाचं नाव असं लिहीत नाहीत.”

सासूबाई म्हणाल्या, “जिवंत आहे, असं कोण सांगतं?”

त्यानं मुकाट्यानं लिहिलं.

तर त्या शनिवारी सगळं घर गप्प होतं. शब्बाथला चूल नाही, कांडण नाही, दळण नाही. उगाळायचंही नाही, म्हणून सासूबाईंनी शुक्रवारी दिवे लावायच्या आधीच नव्या सहाणेवर दिवसभराची गुटी उगाळून वाटीत काढून ठेवली होती. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, आणि चिंधीत बांधलेलं एक काळं काहीतरी. ते त्या नेहमी शेवटी उगाळत. एक दिवस जाणार म्हणून या वेळी दोन वेढे जास्त दिले होते.

वारा पडला होता. झावळ्या हलत नव्हत्या. ओहोटी लागलेली, खाजणाचा चिखल वास मारत होता. मी स्तोत्र पुटपुटत बाळाकडे बघत बसले. श्वास चालत होता, पण दोन श्वासांमध्ये इतका वेळ जायचा की मी माझा रोखून धरायची.

मग तो कण्हला. रडला नाही, नुसता कण्हला. मी उठून कोनाड्यातली वाटी घेतली.

“बाळंतीणबाई, पाणी देता?”

मागच्या दाराशी एक बाई उभी होती.

कोणाच्या पावलांचा आवाज आला नव्हता. परसात कोंबड्या मातीत अंग घुसळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. बाई उंच होती. चौकटीखालून आत बघायला तिला वाकावं लागत होतं. केस मोकळे, गुडघ्यापर्यंत. लुगडं चिखलाच्या रंगाचं. डाव्या कानाची पाळी खालपर्यंत तुटलेली. एवढ्या उन्हात उभी होती, पण डोळे बारीक केले नव्हते.

मला सासूबाईंचं सांगणं आठवत होतं. पण माझा एक नेम होता, आईनं मरताना घालून दिलेला. उजाडताना शेमाची प्रार्थना म्हटल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, आणि दारात आलेल्याला एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं पाणी दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही. आमच्याकडे मानतात की तो कोणत्याही रूपात येतो, भिकाऱ्याच्या, वाटसरूच्या. बाईच्या रूपात येतो का, हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

मी वाटी खाली ठेवली. माठातून पेला भरला आणि उंबऱ्यावर ठेवला, माझ्या बाजूनं, हात पलीकडे न नेता.

“आत घ्यायचं नाही म्हणून सांगून गेल्यात,” मी म्हणाले. “राग मानू नका. पाणी घ्या.”

“आत येता येतच नाही मला,” ती सहज म्हणाली. तिची नजर माझ्या खांद्यावरून भिंतीकडे गेली. “ती तिघं बसलीत ना.”

 मी बाळाच्या आणि तिच्या मध्ये येऊन उभी राहिले.

“तू दुसरी?” तिनं विचारलं.

“हो.”

“पहिलीचं काय सांगितलं तुला?”

मला खोटं बोलता येत नाही. “सांगतात, की ती ऐकत नव्हती.”

ती हसली. हसणं मोठं नव्हतं. “एवढंच? मग खरं सांगितलं. ऐकत नव्हते.”

बाळ पुन्हा कण्हलं. तिचा चेहरा एकदम बदलला. मी वासराला चाटणाऱ्या गाईचा चेहरा बघितलाय, तसा झाला.

“हसतो का झोपेत?”

“गुरुवारपासून.”

“दूध?”

“ओढत नाही.”

“आणि वाटी कोनाड्यात. डावीकडच्या.” तिनं विचारलं नाही, सांगितलं. “बोट बुडव.”

“कशाला?”

“बुडव गो. त्याला नको देऊ. तू चाट.”

का कोण जाणे, मी चाटलं. कडू लागलं, जायफळ-वेखंडापलीकडचं कडू. जिभेचं टोक बधिर झालं. थोड्या वेळानं ओठही जड वाटायला लागले.

“मोठं माणूस आहेस तू,” ती म्हणाली. “तुला असं. त्याचं वजन किती?”

“काय आहे हे?”

“अफू. म्हातारीची आई घालायची, म्हणून ती घालते. मूल शांत राहतं, रात्र निघते. तिच्या आईचा हात हलका होता. हिचा हात मायेनं जड आहे.” तिनं बाळाकडे बघितलं. “मायेनंच. तुला शपथ सांगते. तिनं कधी कोणाचं वाईट चिंतलं नाही.”

 मी बाळंतिणीच्या खाटेवर बसले आणि बाळाला उचलून घेतलं. त्याची मान माझ्या हातावरून पलीकडे लवली. ओठाच्या कोपऱ्यात तेच हसू होतं.

“मी काय करू?” मी विचारलं. मी तिला विचारलं, जिला आत घ्यायचं नव्हतं तिला.

“ती वाटी केळीच्या बुडाशी ओत. त्याला जागा ठेव. गार पाण्याचा हात फिरव. बोळ्यानं दूध घाल, ओढेपर्यंत घालत राहा. रडेल. खूप रडेल. घाबरू नकोस. रडतंय ते पोर तुझं आहे. हसतं ते नव्हे.”

“तुम्हाला कसं कळतं?”

“मलाही होती लेकरं.”

“किती?”

“मोजायचं सोडलं,” ती म्हणाली.

कोंबड्या निवांत बसल्या होत्या. लांब बांधावरून कोणी तरी बैलाला हाकारलं, आणि तो आवाज दुसऱ्याच गावचा असल्यासारखा आला.

“मी तुला दिलं,” ती म्हणाली. “आता तू दे.”

“काय देऊ?”

“त्या कागदावर माझं नाव आहे. बाहेर म्हणून लिहिलंय. ते पुसून टाक.”

मी कागदाकडे बघितलं, मग बाळाकडे. “पुसलं तर तुम्ही आत याल.”

“कदाचित येईन. कदाचित येणारही नाही. पण दार बंद आहे म्हणून नाही, आणि मला यायचं नाही म्हणून नाही, यात फरक असतो. तुला कळायला वेळ लागेल.” ती पुढं म्हणाली, “मीही शब्द देते. या पोराला माझा हात लागणार नाही. नाव असो, नसो.”

“आज शब्बाथ आहे,” मी म्हणाले. मी अगदी हळू बोलत होते. “लिहायचं नाही, तसं पुसायचंही नाही.”

“मला शब्बाथ शिकवतेस?” ती पुन्हा हसली. “जग घडवताना पहिला शब्बाथ लागला तेव्हा काय काय अर्धवट राहिलं, ते मला विचार. बरं. तारे दिसू देत, शब्बाथ निघू दे. मग पुसशील?”

आमच्यात शब्द देणं ही साधी गोष्ट नाही. दिलेला नवस आणि दिलेला शब्द देवापुढं एकच. मी माझ्या मांडीवरच्या सैल मुठीत माझं बोट घातलं. ती मूठ मिटली नाही.

“हा वाचला, तर पुसीन,” मी म्हणाले.

“तसा सौदा नको. आई सौदा करत नाही.”

मी डोळे मिटले. “पुसीन.”

त्याच वेळी बाळ रडलं. पहिल्यांदा आवाज फुटला, फाटका, चिडका. मी खाली बघितलं. तोंड उघडं, हिरड्या लाल. पुन्हा वर बघितलं तर दारात नुसतं ऊन होतं. ती उभी होती त्याच जागी कोंबडी मातीत खड्डा करून बसली होती. पेला उंबऱ्यावर होता, काठोकाठ भरलेला.

वाटी मी केळीच्या बुडाशी ओतली. माझ्या पापण्या जड होत होत्या, म्हणून तोंडावर पाण्याचे हबके मारले आणि त्याच ओल्या हातानं त्याला जागं ठेवलं. बोळ्यानं दूध घातलं. थुंकला. पुन्हा घातलं. तो रडत होता आणि मी प्रत्येक हुंदक्याला आमेन म्हणत होते.

उन्हं कलली तेव्हा सासूबाई आणि हे परतले. रडणं त्यांना बांधावरच ऐकू आलं असावं, सासूबाई धापा टाकत आत शिरल्या.

“काय झालं? का रडतो? चाटवलं नाहीस?”

“नाही.”

“वाटी कुठाय?”

“ओतली.”

“सांडली?”

“नाही आई. ओतून टाकली.”

त्या बघतच राहिल्या. मी त्या घरात आल्यापासून त्यांना एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. माझा आवाजच तसा नाही.

“कोण आलं होतं?” त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

“पाणी मागायला एक बाई आली होती. आत नाही घेतली. पाणी उंबऱ्यावर दिलं.”

“मेल्ये! पाणी दिलंस?” त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “आणि तिनं सांगितलं वाटी ओत? हो ना? गो येडे, तिला तेच हवं असतं! पोर कसं पेटलंय बघ. रूबेन, हिला सांग काहीतरी. आता शब्बाथ निघेपर्यंत उगाळता पण येणार नाही. तारे दिसू देत, लगेच उगाळते. तोवर देवच राखो.”

हे दारात उभे होते. शाल अजून खांद्यावरच होती. ते मुळात कमी बोलणारे. पहिल्या संसारानंतर तर त्यांचं बोलणं हो आणि नाही यावरच आलं होतं. ते बाळाकडे बघत राहिले, रडून लालबुंद झालेल्या, पाय झाडणाऱ्या बाळाकडे.

“आई,” ते म्हणाले, “या घरात मूल एवढं रडलेलं मी कधी ऐकलं नाही.”

बस, एवढंच बोलले आणि अंगणात जाऊन बसले.

सासूबाई पुढे आल्या.  त्यांनी बाळाकडे बघितलं, मग रिकाम्या कोनाड्याकडे. मी बाळाला छातीशी लावलं. त्यानं तोंड फिरवलं, किंचाळला, पुन्हा शोधलं, आणि अचानक असं धरलं की मला कळ आली. घोट गिळल्याचा आवाज त्या गप्प खोलीत स्पष्ट ऐकू येत होता. एक, मग दुसरा, मग लागोपाठ. त्याची मूठ माझ्या पदरावर घट्ट मिटली होती.

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मी त्यांना दोष दिला नाही. त्या दिवशीही नाही आणि त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंतही नाही.

अंधारून आलं. अंगणातून ह्यांनी हाक दिली, “दिसले तारे.” मग ते आत आले, वेणीची मेणबत्ती पेटवली, शब्बाथला निरोप देणारा हवदाला म्हटला, लवंगांची डबी आम्हा दोघींच्या नाकाशी धरली. सासूबाईंनी आमेन म्हटलं. मेणबत्ती विझवून हे पुन्हा बाहेर गेले. शब्बाथ निघाला.

सासूबाई उठल्या. फडताळातून सहाण काढली, डबा काढला, आणि दोन्ही मांडीवर घेऊन दिव्याशी बसल्या. मी बघत होते. त्यांनी चिंधीची गाठ सोडली. काळा खडा बोटांत धरला, नाकाशी नेला, पुन्हा चिंधीत ठेवला. सहाणेवर पाण्याचा थेंबही घातला नाही. सहाणेच्या काठावरून त्या नुसतं बोट फिरवत राहिल्या.

“उद्यापासून गुटी मी उगाळीन, आई,” मी म्हणाले. “तुम्ही दमता.”

त्यांनी मान हलवली. डब्याचं झाकण लावून म्हणाल्या, “तिची दोन्ही रडत नव्हती. मी म्हणायची, किती गुणाची.”

पोटभर पिऊन बाळ झोपलं होतं. कपाळाला आठ्या घालून, कोणावर तरी चिडल्यासारखं. हसत नव्हतं.

मला दिलेला शब्द आठवला. मला एवढं एकदा विचारायचं होतं, म्हणून विचारलं. “आई, शिफ्रा दिसायला कशी होती?”

त्या नावाला त्या घरात बंदी होती. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, पण रागावल्या नाहीत.

“ठेंगणी. माझ्या खांद्याला लागायची नाही. टायफॉइडात केस गेले होते, ते पुन्हा आलेच नाहीत धड. रुमाल बांधायची.” त्यांचा हात स्वतःच्या कानाकडे गेला. “डाव्या कानाची पाळी तुटलेली. पहिल्याला पुरलं त्या दिवशी तिनंच कानातलं ओढून काढलं. का गो?”

 डोळ्यांपुढं ते चौकटीत वाकलेलं उंच अंग उभं होतं, गुडघ्यापर्यंत केस, आणि तुटलेली पाळी. माझं नाव पुस, असं ती म्हणाली होती. कोणतं, ते तिनं सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

मी बाळाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं. त्यांनी सहाण बाजूला सारून त्याला घेतलं, आधी थोडे हात मागे घेतले, मग घेतलं. मी मागच्या दाराशी गेले. पेला उंबऱ्यावर तसाच होता, दुपारचा, भरलेला. परसात चांदणं नव्हतं. खाडीला भरती लागल्याचा आवाज येत होता. दाराला कडी होती, ती मी लावली नाही.

पेला उचलून मी कागदापुढं येऊन उभी राहिले. वर देवाचं नाव होतं, ते कधीच पुसायचं नसतं. त्याखाली ती तिघं राखणीला होती, ती राहणारच होती. आदाम आत होता, हव्वा आत होती. त्याखाली दोन ओळी बाहेर होत्या. एक मला वाचता येणारी, एक न येणारी.

“काय करतेस?” सासूबाईंनी विचारलं.

“शब्द दिलाय, आई.”

कोणाला, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी बाळाला एका हातानं छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं दिवा भिंतीकडे सरकवला.

मी पदराचं टोक पेल्यात बुडवलं. मग आणखी थोडं बुडवलं, दोन्ही ओळींना पुरेल एवढं.